दारातला फितूर, की हमाल?

भिवंडीतील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही एका तक्त्यासमोर बराच वेळ थांबलो. दहावीच्या मुलांनी केलेल्या त्या तक्त्याचे शीर्षक होते 'पेशीच्या दारातला फितूर'. मध्यभागी किल्ल्यासारखी पेशी, दारात एक मिशाळ पहारेकरी आणि बाहेर तीन शत्रू : मलेरिया, हृदयविकार आणि तोंडाचा कर्करोग. पहारेकऱ्याच्या छातीवर लिहिले होते 'सीडी-३६'. तिघांनाही तो हसत हसत आत घेत होता. खाली तांबड्या अक्षरांत निष्कर्ष : 'हा फितूर पकडा, तिन्ही रोग संपतील!'

तक्त्याला बक्षीस मिळाले आणि ते योग्यच होते. पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक प्रथिन शोधून त्यावर तक्ता करणे ही साधी गोष्ट नव्हे. तरीही या तक्त्याचे परीक्षण करावेसे वाटते, कारण त्यातील चूक एकट्या मुलांची नाही. वर्तमानपत्रे आणि आम्ही विज्ञानलेखकही अशाच भाषेत लिहीत आलो आहोत. एखादा रेणू रोगात सापडला, की लगेच तो 'खलनायक' होतो.

आम्ही मुलांना एकच प्रश्न विचारला : "हा पहारेकरी रोज काय काम करतो?" उत्तर आले नाही. तक्त्यावरही ते नव्हते.

रोजचे काम

पेशीच्या पटलावर बसून बाहेरचा ठरावीक रेणू धरणाऱ्या प्रथिनाला ग्राही, म्हणजेच रिसेप्टर म्हणतात. सीडी-३६ हा मेद धरणारा ग्राही आहे. हृदयाच्या व हातापायांच्या स्नायूंत, चरबीच्या पेशींत, केशवाहिन्यांच्या अस्तरात, रक्तातील बिंबाणूंवर आणि जंतू व मृत पेशी गिळणाऱ्या महाभक्षी पेशींवर तो आढळतो. लांब साखळीची मेदाम्ले पकडून पेशीत पोचवणे हे त्याचे एक मुख्य काम. आपले हृदय अर्ध्याहून अधिक ऊर्जा मेदाम्लांपासून मिळवते. म्हणजे तक्त्यावरील 'फितूर' आत्ता हे वाचणाऱ्याच्या हृदयाला इंधन पुरवत आहे.

या प्रथिनाची ओळख पटत गेली तीही गमतीची आहे. १९८९ साली मलेरियाच्या अभ्यासकांना ते रोगट तांबड्या पेशी चिकटण्याची जागा म्हणून सापडले. १९९३ साली नादा अबुमराद यांच्या गटाला उंदराच्या चरबीच्या पेशींत मेदाम्लांची ने-आण करणारे एक प्रथिन मिळाले. ते सीडी-३६चेच भावंड निघाले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवले, की महाभक्षी पेशी ऑक्सिडीकरण झालेले एलडीएल कण याच ग्राहीने उचलतात. हे कण खाऊन फुगलेल्या 'फेसाळ पेशी' रोहिणीच्या भिंतीत साचतात आणि तेथे मेदाचा थर धरू लागतो. जो ज्या दाराने आत गेला, त्याला त्या बाजूचा सीडी-३६ दिसला.

कुलूप-किल्लीची अडचण

वर्गात आपण ग्राही शिकवताना कुलूप-किल्लीचे उदाहरण देतो. एका कुलपाला एक किल्ली. मुलांनीही ते प्रामाणिकपणे वापरले, आणि मग एकच कुलूप तीन-तीन किल्ल्यांनी उघडते म्हटल्यावर पहारेकरी फितूर आहे असे म्हणण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही.

भिवंडीच्या मुलांना अधिक जवळचे उदाहरण गोदामात मिळाले असते. हमालाच्या हातातला लोखंडी आकडा पाहा. तो धान्याचे पोते उचलतो, सुताची गाठही उचलतो. आत काय भरले आहे हे आकड्याला कळत नाही. अडकायला जागा मिळाली की तो अडकतो. पोत्यातून चोरीचा माल आला, तर आपण आकड्याला फितूर म्हणत नाही. हेही उदाहरण पुरते बरोबर नाही. ग्राही वाटेल ते उचलत नाही आणि धरल्यावर पेशीला आत संदेशही देतो. पण एकाच पकडीत अनेक ओझी बसतात, हा मुद्दा त्यातून नीट कळतो.

मलेरियाचा डाव

मलेरियाचा फाल्सिपेरम परजीवी तांबड्या पेशीत वाढतो, तेव्हा त्या पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःची चिकट प्रथिने आणून ठेवतो. अशी पेशी सूक्ष्म रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटून राहते, फिरत फिरत प्लीहेत जात नाही आणि तेथील गाळणीतून वाचते. या चिकटण्यासाठी तो फार मोठ्या प्रमाणावर सीडी-३६ वापरतो. २०१६ साली या पकडीची त्रिमिती रचना प्रसिद्ध झाली. ज्या जागी परजीवी चिकटतो, तेथील एक अमिनो आम्ल ऑक्सिडीकृत एलडीएल धरण्यासाठीही आवश्यक असते. म्हणजे शरीराला सहजी बदलता येणार नाही, नेमकी तीच जागा परजीवीने धरली आहे.

तेव्हा दोष पहारेकऱ्याचाच ना? थांबा. मेंदूच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत सीडी-३६ फारसा नसतो. मेंदूच्या जीवघेण्या मलेरियात परजीवी मुख्यतः दुसऱ्या ग्राहींना चिकटतो. शिवाय महाभक्षी पेशी रोगट तांबड्या पेशी पकडून गिळतात, त्याही सीडी-३६च्या मदतीने. आफ्रिकेत अनेकांच्या सीडी-३६च्या जनुकात दोष असतो. त्याने तीव्र मलेरियाचा धोका वाढतो, असे २००० साली एका गटाने सांगितले. २००१ साली दुसऱ्याने तो दोष संरक्षक ठरवला. २००९ सालच्या मोठ्या अभ्यासात दोन्हींपैकी कोणताच संबंध दिसला नाही. हृदयविकाराचेही तसेच. सीडी-३६ नसलेल्या उंदरांच्या रोहिण्या अधिक स्वच्छ राहतात, असे २००० साली आढळले. २००५ सालच्या दुसऱ्या प्रयोगात तसा फायदा दिसला नाही. 'पकडा, म्हणजे संपेल' हा निष्कर्ष इतका सोपा नाही.

तिसरा शत्रू

तक्त्यावरील तिसरा शत्रू आम्हाला सर्वांत अधिक बोचला. २०१७ साली बार्सिलोनातील संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवले, की मानवी तोंडाच्या कर्करोगातील ज्या थोड्या पेशी इतरत्र पसरण्यास सुरुवात करतात, त्यांच्यावर सीडी-३६ भरपूर असतो. उंदरांत मेदयुक्त आहाराने हा प्रसार वाढला आणि सीडी-३६ अडवणाऱ्या प्रतिपिंडांनी त्याला मोठा अटकाव झाला. संशोधन महत्त्वाचे आहे. त्यातून उद्या औषध मिळू शकेल. पण ते कर्करोग कसा पसरतो याबद्दल आहे, तो कशामुळे होतो याबद्दल नाही. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तंबाखू आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी रात्रपाळीला मागावर झोप येऊ नये म्हणून तंबाखूचा बार भरणारे हात थांबलेले नाहीत. त्यांतले काही हात या मुलांच्या घरातले असतील. तक्त्यावर तंबाखूचा उल्लेखही नव्हता. गच्चीवरची उघडी टाकी नव्हती, जिच्यात मलेरियाचा डास अंडी घालतो. सगळा दोष पेशीच्या दारातल्या एका प्रथिनावर टाकला, की घराच्या दारातली कारणे सुटून जातात. आमचा खरा आक्षेप हा आहे.

शिक्षक मित्रांना आमची सूचना साधी आहे. असा तक्ता करून घेताना तीन रकाने आखावेत : या प्रथिनाचे रोजचे काम काय, त्या कामाचा गैरफायदा कोण कसा घेतो, आणि आपल्या हातात असलेले बाहेरचे कारण कोणते. शेवटी एक प्रश्न लिहून ठेवावा : 'हे प्रथिन काढून टाकले तर काय बिघडेल?' ज्या मुलाला याचे उत्तर शोधावेसे वाटेल, तो फितूर शोधत बसणार नाही. त्याला हृदयापासून सुरुवात करावी लागेल.

पहारेकऱ्याच्या मिशा मात्र काढू नयेत. त्या फारच झोकदार होत्या.