एका हाताने सवलत, दुसऱ्या हाताने शुल्क

नफा-तोट्याची गणिते शिकवताना आपण मुलांना एक गोष्ट बजावून सांगतो. वस्तूची खरेदी किंमत म्हणजे केवळ दुकानदाराच्या हातात ठेवलेले पैसे नव्हेत. हमाली, गाडीभाडे, वाटेतली जकात हे सारे तीत मिळवायचे असते. मुलांना पटणारा हा साधा नियम सौरऊर्जेच्या योजनांचे कौतुक करताना मात्र विसरला जातो. योजनेच्या जाहिरातीत सवलतीचा आकडा ठळक असतो. त्याच छतासाठी घरमालकाने किती शुल्क भरले आणि परवान्यासाठी किती दिवस वाट पाहिली, हे आकडे त्या जाहिरातीत नसतात.

या दोन बाजू एकत्र मांडून पाहायच्या तर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे लॉस एंजेलिस, पालो आल्टो, सांता क्लारा, पॅसाडेना, रिव्हरसाइड अशा अनेक शहरांच्या स्वतःच्या वीजसंस्था आहेत. छतावर सौरसंच बसवणाऱ्याला सवलत द्यायची ती शहराच्या वीजसंस्थेने, आणि त्याच संचाच्या बांधकाम परवान्याचे शुल्क घ्यायचे ते त्याच शहराच्या इमारत विभागाने. देणारा आणि घेणारा एकच असूनही दोघांचे हिशेब मात्र वेगवेगळ्या वह्यांत राहिले. प्रस्तुत लेखात या धोरणाचे गुणदोष तपासायचे आहेत.

सुरुवात वेगळी होती

कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रॅमेंटो. तेथील वीजसंस्था लोकांच्या मालकीची आहे. १९८९ साली तेथील मतदारांनी कौल देऊन रँचो सेको हे संस्थेचे अणुवीज केंद्र बंद करायला लावले. त्याच परिसरात १९८४ पासून एक सौरविद्युत् प्रकल्प चालू होता. १९९३ मध्ये संस्थेने एक अभिनव योजना काढली. ग्राहकाने फक्त छत द्यायचे. संच संस्थेचा, उभारणी संस्थेची, वीजही संस्थेच्या जाळ्यात जायची. इतकेच नव्हे, तर या कार्यात सहभागी झाल्याबद्दल ग्राहकाने दरमहा सुमारे ४ डॉलर जादा द्यायचे, आणि लोकांनी ते आनंदाने दिले!

या योजनेत अर्ज, आराखडा, तपासणी ही सारी यातायात संस्थेचीच होती. पुढे धोरण बदलले. संच घरमालकाने विकत घ्यावा आणि संस्थेने त्याला सवलत द्यावी, अशी पद्धत रूढ झाली. मालकी घरमालकाकडे गेली आणि परवान्याची दगदगही त्याच्याच गळ्यात पडली.

सवलतीचा उतरता जिना

२००६ मध्ये कॅलिफोर्नियाने सौर छतांसाठी मोठा कायदा केला. एकूण ३,००० मेगावॉट क्षमतेचे उद्दिष्ट ठरले. लोकांच्या मालकीच्या वीजसंस्थांनाही १ जानेवारी २००८ पासून सवलत देणे बंधनकारक झाले. आरंभीचा दर होता दर वॉटला २ डॉलर ८० सेंट, आणि तो वर्षाला सरासरी किमान ७ टक्क्यांनी उतरवत न्यायचा होता.

उतरत्या सवलतीची ही कल्पना शहाणपणाची होती. नवे तंत्र महाग असते तेव्हा त्याला टेकू द्यावा, मागणी वाढून किंमत उतरू लागली की टेकू हळूहळू काढून घ्यावा. उद्योगाला पुढचा दर आधीच ठाऊक असल्याने त्याला नियोजनही करता येते. या धोरणाचे हे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

आता थोडे गणित करू. ३ किलोवॉटचा, म्हणजे ३,००० वॉटचा संच घेतला, तर २००८ मध्ये सवलत झाली ८,४०० डॉलर. दरवर्षी ७ टक्के घट म्हणजे आठ वर्षांत ५६ टक्के घट, असे विद्यार्थी पटकन म्हणतील. पण ही घट चक्रवाढीने होते. ०.९३ चा आठवा घात सुमारे ०.५६ येतो, म्हणजे ५६ टक्के उरतात आणि घट ४४ टक्क्यांची होते. त्यानुसार २०१६ चा दर सुमारे १ डॉलर ५७ सेंट आणि आपल्या संचाची सवलत सुमारे ४,७०० डॉलर. समजा, या काळात एखाद्या शहराचे परवाना शुल्क ५०० डॉलरवर स्थिर राहिले. आरंभी ते सवलतीच्या ६ टक्के होते. शेवटी ते १०.६ टक्के झाले. शुल्क एका सेंटनेही वाढवले नाही, तरी त्याचा भार जवळजवळ पावणेदोन पट झाला. सवलत उतरवण्याचे वेळापत्रक कायद्यात होते. शुल्काचे असे वेळापत्रक मात्र नव्हते, ही या धोरणातील पहिली उणीव.

शुल्क कशाचे?

परवाना आणि तपासणी म्हणजे निव्वळ सरकारी जाच, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पॅनेल आणि त्यांची चौकट मिळून छताच्या दर चौरस मीटरवर साधारण १२ ते १५ किलोग्रॅम भार येतो. तो छताला पेलेल का, वादळात चौकट उखडणार नाही ना, हे पाहावे लागते. ऊन पडत असेपर्यंत पॅनेलमध्ये विद्युत्दाब निर्माण होतच राहतो. घराचा मुख्य खटका बंद केला तरी पॅनेलकडून येणाऱ्या तारा जिवंत असू शकतात. आग विझवायला छतावर चढणाऱ्या जवानासाठी हा जिवाचा प्रश्न आहे. बाहेरच्या जाळ्यातील वीज गेली की इन्व्हर्टरने आपणहून थांबले पाहिजे, नाहीतर तारांवर काम करणाऱ्या माणसाला अनपेक्षित दिशेने धक्का बसेल. तेव्हा तपासणी हवीच, आणि तपासनिसाच्या वेळेचे पैसे कोणीतरी द्यायलाच हवेत.

प्रश्न आहे तो मोजमापाचा. अनेक शहरे शुल्क आकारत होती ते संचाच्या किमतीवर. समजा, शेजारच्या दोन घरांवर ४ किलोवॉटचे संच आहेत. एकाची किंमत १६,००० डॉलर. दुसऱ्याने अधिक कार्यक्षम पॅनेल घेतली म्हणून त्याची किंमत २४,००० डॉलर. शुल्क किमतीच्या २ टक्के असेल, तर पहिल्याला ३२० आणि दुसऱ्याला ४८० डॉलर भरावे लागतील. तपासनीस दोन्ही घरी तितकाच वेळ थांबणार, तोच खटका पाहणार, तेच खिळे हलवून बघणार. मग १६० डॉलर कशाचे? विज्ञानाच्या भाषेत सांगायचे, तर हे तापमान मोजायला तराजू वापरण्यासारखे आहे.

सान फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात सिएरा क्लब या पर्यावरणवादी संस्थेच्या स्थानिक शाखेने हे दाखवून दिले. तिने गावोगावची शुल्के गोळा केली आणि एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडली. सारख्याच संचासाठी कोठे काहीच शुल्क नव्हते, तर कोठे ते शेकडो डॉलर होते. तक्ता प्रसिद्ध झाल्यावर अनेक गावांनी आपली शुल्के कमी केली. मोर्चा नाही, खटला नाही, फक्त मोजणे आणि मांडणे. शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे.

२०१२ मध्ये राज्याने कायद्याने मर्यादा घातली. घरगुती संचाला ५०० डॉलर, आणि १५ किलोवॉटच्या वर प्रत्येक किलोवॉटला १५ डॉलर. २०१७ च्या कायद्याने ५०० चे ४५० केले. या मर्यादेपेक्षा अधिक शुल्क घेता येते, पण त्यासाठी शहराने आपला वाजवी खर्च खरोखर तेवढा असल्याचे लेखी पुराव्यानिशी दाखवून तसा ठराव करावा लागतो. प्रस्तुत लेखकाला ४५० च्या आकड्यापेक्षा ही अट अधिक मोलाची वाटते. सिद्ध करण्याची जबाबदारी तिने घेणाऱ्यावर टाकली.

आकडे कोणी मोजले?

शुल्कापेक्षाही मोठा खर्च दिरंगाईचा असतो. २०११ मध्ये सनरन या सौरसंच बसवणाऱ्या कंपनीने एक अहवाल प्रसिद्ध केला. स्थानिक परवाने आणि तपासण्यांमुळे दर संचामागे २,५१६ डॉलर, म्हणजे दर वॉटला सुमारे ५० सेंट खर्च वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आकडा सर्वत्र उद्धृत झाला. पण तो वाचताना दोन प्रश्न विचारायला हवेत. कोणी मोजले? ज्यांना परवाने सुटसुटीत होण्यात व्यापारी हित होते त्यांनी. काय मोजले? केवळ शुल्क नव्हे, तर कागदपत्रांची मजुरी, फेऱ्या, प्रत्येक गावाचे निराळे नियम सांभाळण्याची किंमत हे सारे. म्हणून आकडा खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या कोणी मोजला आहे का हे पाहावे लागते.

तसे मोजमाप २०१३ मध्ये लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी केले. कॅलिफोर्नियातील ४४ शहरांतील तीन हजारांहून अधिक संच त्यांनी तपासले. परवान्याची पद्धत सर्वांत सोयीची असलेल्या आणि सर्वांत जाचक असलेल्या शहरांत दर वॉटला २७ ते ७७ सेंटचा, म्हणजे किमतीच्या ४ ते १२ टक्क्यांचा फरक पडतो आणि सुमारे २४ दिवस वाचतात, असे त्यांना आढळले. कंपनीचा ५० सेंटचा आकडा या पल्ल्यात बसतो. दोन्ही अभ्यास अगदी एकच गोष्ट मोजत नाहीत, पण परिमाण तेच आहे. आता त्या आकड्यावर अधिक विश्वास ठेवता येतो.

याच प्रयोगशाळेने जर्मनीशी तुलना केली तेव्हा परवाना, तपासणी आणि जोडणी यांसाठी अमेरिकेत दर संचामागे सुमारे २३ मनुष्यतास, तर जर्मनीत सुमारे ५ तास लागत असल्याचे दिसले. अर्थात जर्मनीतील संच स्वस्त होते त्याला इतरही कारणे होती. सारा दोष परवान्याच्या माथी मारणे बरोबर नाही.

पुढे उपाय झाले. २०१४ च्या कायद्याने लहान घरगुती संचांसाठी सुटसुटीत पद्धत सक्तीची केली आणि २०२२ च्या कायद्याने बहुतेक शहरांना संगणकावर आपोआप छाननी करून परवाना देणे बंधनकारक केले. याची निकड आता वाढली आहे. घरगुती संचाच्या खर्चावर मिळणारी ३० टक्क्यांची केंद्रीय करसवलत २०२५ च्या कायद्याने ३१ डिसेंबर २०२५ नंतरच्या खर्चासाठी बंद केली. सवलतीचा टेकू गेल्यावर शुल्क आणि दिरंगाई उघडी पडते.

वॉट की युनिट?

दुसरी उणीव वैज्ञानिक आहे. वॉट ही क्षमता, युनिट म्हणजे किलोवॉट-तास ही प्रत्यक्ष ऊर्जा. पॅनेलवर छापलेले वॉट प्रयोगशाळेत, दर चौरस मीटरला १,००० वॉट प्रकाशात आणि घटाचे तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. उन्हाळ्यात छतावर घट ६० अंशांपर्यंत तापला, तर सिलिकॉनची शक्ती दर अंशाला सुमारे ०.४ टक्के घटत असल्याने ३५ अंशांत १४ टक्के घट होते. शिवाय घट एकसरीत जोडलेले असतात. एका घटावर पाण्याच्या टाकीची सावली पडली, तर साऱ्या सरीचा प्रवाह अडतो. म्हणून काही घटांमागे प्रवाहाला वळणवाट देणारे डायोड बसवतात.

निव्वळ वॉटवर सवलत दिली, तर सावलीतल्या छतालाही तेवढेच पैसे मिळतात. कॅलिफोर्नियातील खासगी वीजकंपन्यांच्या ग्राहकांसाठी २००७ पासून जी योजना चालली, तिने यावर चांगला तोडगा काढला. लहान संचाला सवलत देताना दिशा, उतार, सावली लक्षात घेऊन अपेक्षित उत्पादनाचा हिशेब केला. मोठ्या संचांना पाच वर्षे प्रत्यक्ष युनिटांवर पैसे दिले. शहरांच्या वीजसंस्थांना मात्र वॉट किंवा युनिट यांतून निवड करण्याची मुभा होती. ही मुभा द्यायला नको होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आपल्या छतावर

हे सारे आपल्याला दूरचे राहिलेले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली. तीत पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरले. त्याच महिन्यात केंद्राने नियम बदलले. १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेच्या अभ्यासाची गरज उरली नाही, आणि ५ किलोवॉटपर्यंत जाळे बळकट करण्याचा खर्च वीजकंपनीवर टाकला. परवान्याच्या बाबतीत ही पावले कॅलिफोर्नियापेक्षा लवकर पडली, हे नोंदवलेच पाहिजे. अनुदान मात्र क्षमतेवरच आहे. सावलीचा तोटा घरमालकाला वीजबिलातून सोसावा लागतो, एवढाच त्यावरचा अंकुश.

महावितरण असो वा मुंबई महापालिकेची बेस्ट, आपल्या गावचा हिशेब कोण मांडणार? शाळा मांडू शकेल. परिसरातील पाच-सहा सौर छते निवडावीत. प्रत्येकाची क्षमता, किंमत, अनुदान, भरलेली सर्व शुल्के आणि अर्जापासून मीटर बसेपर्यंतचे दिवस मुलांनी विचारून लिहावेत. दरमहाचे युनिट भागिले किलोवॉट हा आकडा काढावा आणि तो कमी असलेल्या छतावर सावली शोधावी. शेवटी सारे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडावे.

सवलत विजेवर मोजावी, शुल्क कामावर मोजावे, आणि दोन्ही एकाच वहीत लिहावीत. कॅलिफोर्नियाला हे उमगायला बरीच वर्षे लागली. आपल्या आठवीच्या वर्गाला दोन तासिका पुरतील.