बाल्डविनचं चर्च आणि ढसाळांचं सूक्त

पत्रिकेत विषय छापलाय 'ब्लॅक पँथर आणि दलित पँथर'. या जोडीवर मराठीत बोलायची एक ठरलेली रीत आहे. १९६६ साली ऑकलंडला ती संघटना निघाली, १९७२ साली मुंबईत आपली निघाली, नाव तिकडून घेतलं, दोन्हीकडची पोरं तरुण, दोन्हीकडची चिडलेली. झालं भाषण. माझी तक्रार अशी आहे की या तुलनेत फक्त राग मोजला जातो. राग सगळीकडे सारखाच असतो हो, तेल्हाऱ्यातला काय अन् शिकागोतला काय! पाहायचं ते हे, की माणूस कोणाच्या पंगतीतून उठला आणि उठून गेला कुठं.

म्हणून मी पँथर बाजूला ठेवतो आणि जेम्स बाल्डविनपासून सुरुवात करतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२४ साली जन्मलेला हा लेखक. सावत्र बाप धर्मोपदेशक. पोरगा स्वतः चौदाव्या वर्षी चर्चमध्ये लोळण घेऊन 'उद्धरला' आणि पुढची तीनेक वर्षं प्रवचनं देत होता. आपल्याकडच्या बालकीर्तनकारासारखं समजा. नंतर त्यानं ते सोडलं. 'द फायर नेक्स्ट टाइम' या १९६३ च्या पुस्तकात तो सांगतो की व्यासपीठाच्या मागे उभं राहिल्यावर त्याला त्यातलं नाटक दिसायला लागलं. पण गंमत पाहा, चर्चमधल्या गाण्याची ओढ काही त्याच्यातून गेली नाही. त्याच पुस्तकात तो शिकागोला एलायजा मुहम्मद यांच्या घरी जेवायला जातो. गोरा माणूस म्हणजे सैतान, असं शिकवणारा त्यांचा पंथ. तिथला मान, तिथली शिस्त त्याला भावते. पण तो त्यांचाही होत नाही. एक देव सोडला म्हणून लगेच दुसरा धरायचा नाही, अशी ती अवघड जागा आहे.

आता हे देव सोडणं आणि पुढारी सोडणं तिथं एकच का होतं? कारण तिथं पुढारी बहुतेक चर्चमधूनच यायचा. हार्लेमचे ॲडम क्लेटन पॉवेल रविवारी धर्मपीठावर आणि सोमवारी अमेरिकेच्या संसदेत. १९४५ पासून पाव शतक ते खासदार होते. शिकागोत महापौर डेली यांच्या गोटातले सहा कृष्णवर्णीय नगरसेवक सभागृहात इतके गप्प बसायचे, की लोकांनी त्यांचं नावच 'मुके सहा' असं पाडलं. १९६६ साली मार्टिन लूथर किंग त्या शहरात झोपडपट्टीवजा घरात राहायला गेले, तेव्हा त्यांना विरोध करणाऱ्यांत जे. एच. जॅक्सन होते, कृष्णवर्णीयांच्या सर्वात मोठ्या बॅप्टिस्ट संघटनेचे अध्यक्ष! म्हणजे पुढाऱ्यावरचा विश्वास उडाला की त्याच्या धर्मपीठावरचाही उडायचा.

इकडे आपल्या वऱ्हाडात या. आपल्याकडे गाडगेबाबांनी जन्मभर कीर्तन केलं, पण मतं काही मागितली नाहीत. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते. तिथून १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरपर्यंत एकोणतीस वर्षं. आणि क्रम नीट पाहा. आधी धम्म आला, दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले, आणि रिपब्लिकन पक्ष निघाला तो १९५७ च्या ऑक्टोबरात. पक्ष फुटत राहिला, पण दीक्षा कोणी परत केली नाही. पुढारी आणि धर्म आपल्याकडे वेगळ्या दारांनी आले, म्हणून एक गेला तरी दुसरा राहिला. बाल्डविनला ही सोय नव्हती.

या सोयीची किंमत मात्र आहे. धम्म शाबूत, निळा झेंडा शाबूत, म्हणून पुढाऱ्याला पडायची भीतीच उरली नाही. तो काहीही करून येवो, चौदा एप्रिलला मंच तयार!

पँथरची पोरं उठली ती या मंचावरून. ऑगस्ट १९७२ च्या 'साधना'त राजा ढाले यांनी हिशेब मांडला, की झेंड्याच्या अपमानाला दंड किती आणि दलित बाईच्या अब्रूला किती. गदारोळ झाला तो झेंड्यावरून. बाईचा हिशेब बाजूलाच राहिला. जानेवारी १९७४ मध्ये मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन पुढारी काँग्रेसच्या मागे उभे, तर पँथरनं बहिष्कार पुकारला. वरळीच्या बीडीडी चाळीत दंगल पेटली, निषेधाच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्ट रोझा देशपांडे निवडून आल्या.

त्याच वर्षी पँथर फुटली. १९७३ च्या जाहीरनाम्यात 'दलित' शब्दात कामगार, भूमिहीन, स्त्रिया सगळे घेतले होते. ढाले म्हणाले, हा कम्युनिस्टांचा कागद आहे, आपल्याला बुद्ध पुरे. हे भांडण आपण दोघांच्या स्वभावावर टाकून मोकळे होतो. मला ते बाल्डविनचंच भांडण दिसतं. पुढाऱ्याला सोडल्यावर राहायचं कुठं? ढाले म्हणतात, घर आहेच. नामदेव ढसाळ म्हणतात, या घरात मावत नाहीत त्यांचं काय?

आणि कामाठीपुरा त्या घरात मावत नव्हताच. 'गोलपीठा' १९७२ चा. तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, त्यांनाही कित्येक शब्दांचे अर्थ विचारावे लागले. तेव्हापासून आपली समीक्षा त्या शब्दकोशातच अडकून बसली आहे. काय भाषा, काय धाडस! अरे पण बा, कविता काय करते ते तर पाहा. त्यातली 'माणसाने' ही कविता आधी सगळ्याची नासधूस करायला सांगते, देवधर्मासकट. आणि शेवटाला येऊन माणसासाठी काय रचायला सांगते? सूक्त. वेदातल्या ऋचांचा शब्द! देव हाकलला, पण स्तोत्राचा साचा ठेवून घेतला. बाल्डविननंही चर्च सोडलं आणि वाक्य मात्र प्रवचनकाराचंच ठेवलं. हे साम्य मला दोन्ही पँथरांच्या नावापेक्षा मोठं वाटतं.

पण साचा रिकामा राहत नाही, हीच अडचण आहे. ढसाळांनी आणीबाणीला पाठिंबा दिला आणि १९७६ साली इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' लिहिली. माणसासाठी मोकळी केलेली जागा पंतप्रधानांना मिळाली. तिकडे एल्ड्रिज क्लीव्हर, ब्लॅक पँथरचा जहाल लेखक, ज्यानं बाल्डविनवर सडकून टीका केली, तो पुढं ख्रिस्ती प्रवचनं देत रिपब्लिकन पक्षात गेला. मला विचाराल तर धोका ओळखण्यात ढाले बरोबर होते, आणि कवी म्हणून ढसाळ मोठे होते. दोन्ही एकदम म्हणायला हरकत नसावी. आपल्याकडे मात्र एकाचं कौतुक केलं की दुसऱ्याचे लोक सभा सोडून जातात. (हशा)

समीक्षकांनी 'प्रियदर्शिनी' कवीची चूक म्हणून बासनात बांधली. मला ती वाचायची आहे ती 'गोलपीठा'च्या शेजारी ठेवून, आणि आपल्या जिल्ह्यातल्या धाकलीच्याही शेजारी ठेवून. १९७४ साली धाकलीत दोन दलित भावांचे डोळे काढले गेले. पँथरच्या कार्यकर्त्यांनी त्या दोघांची पंतप्रधानांशी भेट घडवून आणली. पंतप्रधान त्याच, इंदिरा गांधी. दोन वर्षांनी त्यांच्यावर कविता आली. त्या कवितेत धाकली शोधून पाहा.

आता तुमचे प्रश्न येऊ द्या.