पत्र्यामागची पट्टी

नियमावलीही रसिकतेने वाचता येते, याचा प्रत्यय घ्यायचा तर आपण मोटारशर्यतींचे नियम ठरवणाऱ्या एफआयएच्या परिशिष्ट ‘जे’मधले 255वे कलम उघडावे. त्यात बॅटरीच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत. शर्यतीच्या गाडीत वजनाचा तोल साधण्यासाठी बॅटरी मूळ जागेवरून हलवली, तर तिला धातूची बैठक हवी, इन्सुलेशन चढवलेले धातूचे दोन क्लॅम्प हवेत आणि ते किमान 10 मिलिमीटर व्यासाच्या बोल्टांनी गाडीच्या तळाशी जखडलेले हवेत. इथवर कुणीही जाणता मेकॅनिक आपल्या अनुभवानेच पोचला असता. कलमाची खरी गोडी मात्र पुढे आहे. प्रत्येक बोल्टखाली, पत्र्याच्या पलीकडच्या अंगाला, किमान 3 मिलिमीटर जाडीची आणि 20 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी हवी!

या पट्टीपाशी आपण जरा रेंगाळू. पंधरा किलोची बॅटरी गुरुत्वाच्या वीसपट हिसक्यात सापडली, की ती तीनशे किलोच्या भाराने आपली बंधने ओढू लागते. अशा वेळी दहा मिलिमीटरचा बोल्ट सहसा तुटत नाही. हार मानतो तो तळाचा पातळ पत्रा. सदऱ्याचे बटण जोराने ओढले तर दोरा शाबूत राहून कापडच फाटते, म्हणून चतुर शिंपी बटणामागे कापडाचा एक तुकडा लावतो; इथे ती पट्टी तेच करते, एका भोकाच्या कडेवर येणारा ताण साडेचार सेंटिमीटर बाजूच्या चौकोनभर पसरून देते. नियम लिहिणाऱ्याने सुटे भाग पाहिले नाहीत, त्याने अपघाताचा तो क्षण पाहिला आणि सर्वांत दुबळा दुवा नेमका ओळखला, हे त्या ‘20’ आकड्यातून उमगते तेव्हा मन प्रसन्न होते.

आणि क्लॅम्पवरचे ते इन्सुलेशन! बारा व्होल्ट हाताला जाणवतही नाहीत; पण उघडा लोखंडी क्लॅम्प सरकून प्लस टर्मिनलला टेकला, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून तोच धातू लालबुंद होतो, आणि पेट्रोल कुठे दूर नसते. बळकटीसाठी धातू निवडावा आणि त्याच धातूच्या स्वभावापासून जपण्यासाठी त्याला आवरण घालावे, हा विवेक मला फार देखणा वाटतो.

द्रव आम्लाच्या बॅटरीभोवती गळतीरोधक प्लास्टिकची पेटी लागते, आणि ती बॅटरीहून स्वतंत्रपणे बसवायची, म्हणजे बॅटरी सुटली तरी पेटी जागा सोडणार नाही. बॅटरी चालकाच्या कक्षात असेल, तर पेटीच्या हवेची वाट गाडीबाहेर काढावी लागते. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, त्याचीही आठवण या कलमाने ठेवली आहे.

तेव्हा रसिकहो, रॅलीची गाडी जॅकवर चढलेली दिसली, तर तिच्या रंगरूपावर भाळण्याआधी खाली वाका आणि बॅटरीच्या बोल्टांमागे त्या पट्ट्या आहेत का ते पाहा.