भाजें येथील ‘सूर्य’ व ‘इंद्र’ : नामनिश्चयाचा विचार

भाजें येथील लेण्यांच्या दक्षिण टोकाकडे जो विहार आहे, त्याच्या ओवरींत एका कोठडीच्या दाराच्या दोन्ही अंगांस दोन शिल्पपट कोरलेले आहेत. एकांत चार घोड्यांच्या रथांत बसलेला पुरुष व त्याच्या दोन बाजूंस दोन स्त्रिया. दुसऱ्यांत हत्तीवर आरूढ झालेला पुरुष व त्याच्या मागें ध्वज घेतलेला सेवक. यांस सूर्य व इंद्र म्हणण्याची वहिवाट इतकी पक्की झाली आहे कीं, विहारासच सूर्यगुंफा हें नांव पडलें. आनंद कुमारस्वामी यांनीं १९२७ सालच्या आपल्या इतिहासग्रंथांत हींच नांवें घेतलीं आणि त्यांच्या अधिकारामुळें तीं बहुतेक मार्गदर्शिकांत उतरलीं. अलीकडे या नांवांवरून ‘हें मूळचें सौरांचें स्थान’ असें अनुमान काढणारेही आमच्या मुळशी-मावळ भागांत भेटतात. तेव्हां हीं नांवें कोणत्या आधारावर उभीं आहेत, हें एकदां तपासून पाहणें अवश्य आहे.

प्रथम रथाचा पट घेऊं. रथास घोडे चार आहेत. ऋग्वेदांत सूर्याच्या रथास सात हरित जोडलेले आहेत; परंतु तेवढ्यावरून सूर्यत्व नाकारणें बरोबर होणार नाहीं. बोधगयेच्या वेदिकेवरील, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराच्या स्तंभावर चारच घोड्यांचा सूर्यरथ आहे व तो सूर्य म्हणून सर्वमान्य आहे. मात्र तेथें दोन्ही बाजूंच्या स्त्रिया धनुष्यें ओढून अंधकारावर बाण सोडीत आहेत. त्या उषा व प्रत्यूषा. भाज्याच्या स्त्रियांच्या हातीं धनुष्य नाहीं. एकीनें छत्र धरिलें आहे, दुसरीनें चामर. हीं राजचिन्हें होत. त्यांस संज्ञा व छाया ठरविण्याचा जो मोह होतो, त्यांत पुराणांतरींची कथा मागें नेऊन शुंग-सातवाहनकालाच्या दगडावर लादण्याचा दोष आहे. शिवाय ज्याच्या तापापासून जगानें छत्र धरावें, त्याच्याच डोक्यावर छत्र कां, हाही प्रश्न आहेच!

रथाखालीं अवाढव्य, विद्रूप स्त्रीदेह तरंगत आहेत आणि त्यांवरून रथ चालला आहे. ‘हा रात्रीचा पराभव’ असें म्हणतात. पण वेदांत रात्रि ही उषेची भगिनी, स्वतः देवता. तिला राक्षसी केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. सूर्याला ग्रासणारा स्वर्भानु म्हणावा तर तो पुरुष. म्हणजे सूर्य मानला तरी या आकृतींचा उलगडा होत नाहीं.

आतां हत्तीचा पट. हा अधिक समृद्ध आहे, आणि त्यास इंद्र म्हणणाऱ्यांनीं तो पुरता पाहिला कीं काय, अशी शंका येते. हत्तीनें सोंडेंत उपटलेला वृक्ष धरिला आहे. आरूढ पुरुषाच्या हातीं वज्राचा ठाव लागत नाहीं. ऐरावत हें इंद्राचें वाहन इतिहास-पुराणांतलें, ऋग्वेदांतला इंद्र रथांतून जातो. तथापि पालि ग्रंथांत एरावण आहेच, म्हणून हा मुद्दा आम्ही ताणीत नाहीं. निर्णायक आहे तो हत्तीच्या पायांखालचा प्रदेश. तेथें वेदिकेनें वेढलेला वृक्ष आहे. छत्राखालीं बसलेला राजा व त्याच्यापुढें नर्तकी आणि वीणावादक आहेत. अश्वमुखी यक्षी आहे. आणि एका वृक्षांतून मानवी आकृति बाहेर पडत आहेत. ऐरावतावरून जाणाऱ्या देवराजाच्या खालीं हें सर्व कशासाठीं?

१९३९ सालीं जॉन्स्टन यांनीं या दोन्ही पटांचा बौद्ध कथांच्या आधारें अर्थ लावण्याचा यत्न केला. पुढें मांधात्याचें नांव सुचविलें गेलें. वासुदेवशरण अग्रवाल यांनीं १९६५ च्या आपल्या ग्रंथांत त्याचा पुरस्कार केला. ब्राह्मणी परंपरेंत युवनाश्वाच्या कुशींतून जन्मलेला व इंद्राच्या अंगुलीवर पोसलेला मांधाता प्रसिद्धच आहे. बौद्धांचा मांधाता उपोषध राजाच्या मस्तकांतून जन्मतो, आकाशमार्गानें द्वीपामागून द्वीप जिंकतो, उत्तरकुरूंत वस्त्रें देणारे वृक्ष पाहतो, शेवटीं शक्राच्या अर्ध्या आसनावर बसतो, आणि संपूर्ण आसनाचा लोभ धरितांच खालीं पडतो. ही कथा दिव्यावदानांत विस्तारानें आहे. कॉवेल व नील यांची १८८६ ची आवृत्ति पुष्कळांच्या संग्रहीं असेल. उत्तरकुरूंचा प्रदेश मानला म्हणजे तो फलदायी वृक्ष, नृत्यगीत व भूमीवरून चाललेला प्रचंड हत्ती, हीं एका सूत्रांत येतात. हस्तिरत्न तर चक्रवर्तीच्या सप्तरत्नांपैकींच आहे.

तरी हा पक्ष आम्ही निःशंकपणें स्वीकारीत नाहीं. दिव्यावदानाचें आजचें रूप विहाराहून कित्येक शतकें अर्वाचीन आहे. संज्ञा-छायेस जो आक्षेप घेतला, तोच येथें आपल्यावर उलटूं शकतो. याचें अंशतः उत्तर असें कीं, मांधात्याची कथा पालि जातकांतही (क्रमांक २५८) आहे आणि तिच्याशीं जोडलेली कार्षापणांच्या पर्जन्याची गाथा धम्मपदांत सांपडते. अर्थात् कथेचा गाभा जुना. दुसरी अडचण अधिक मोठी. कथेचें मर्म पतनांत आहे. भाज्यास अर्धासनही नाहीं व पतनही नाहीं. जग्गय्यपेटच्या शिलापट्टावर चक्रवर्ती, त्याचीं रत्नें व नाण्यांची वृष्टि स्पष्ट आहे, तशी खूण येथें एकही नाहीं. म्हणून हत्तीच्या पटापुरता मांधाता हा आज उपलब्ध असलेला सर्वांत सयुक्तिक अर्थ होय, आणि रथाच्या पटास तो लावणें दुर्बळ आहे, असें आमचें मत आहे.

शिल्पी मात्र थोर होता. भारहुतला शिल्पें चौकटींत व वर्तुळांत बसविलेलीं असून बहुतेकांखालीं नांवें कोरलेलीं आहेत. भाज्यास चौकट नाहीं, लेख नाहीं. भिंतच आकाश होते व तीवर आकृति तरंगतात. उठाव अल्प, पण हत्तीच्या देहाचा भार कोठेंही कमी भासत नाहीं. त्याच्या मानानें खालचा राजदरबार मुंगीएवढा, आणि हें प्रमाणाचें अज्ञान नसून हेतुपूर्वक आहे, असें वाटतें.

सौरांच्या स्थानाचा तर्क मात्र कोणत्याही पक्षानें टिकत नाहीं. सूर्य-इंद्र मानले तरी शक्र हा बौद्ध ग्रंथांत बुद्धाचा उपासक आहे, बोधगयेचा सूर्य तर प्रत्यक्ष बोधिवृक्षाच्या वेदिकेवर आहे, आणि याच विहारांत स्तूपांची ओळ कोरलेली आहे. शेजारच्या स्तूपांवर स्थविरांचीं नांवें आहेत तीं वेगळींच.

पौडाहून कोळवण, जवण, तिकोनापेठ या वाटेनें पवनेचें खोरें ओलांडून जाणाऱ्या जिज्ञासूंस एक विनंती आहे. रथाखालच्या स्त्रीदेहांच्या हातांची ठेवण, अलंकार व केशरचना यांचें सप्रमाण रेखाटन करून मंडळाकडे पाठवावें. त्या आसुरी कीं यक्षिणी, हें ठरल्यावांचून रथारूढाचें नांव ठरणार नाहीं. ज्यांच्या संग्रहीं क्षेमेंद्राच्या अवदानकल्पलतेची पोथी असेल, त्यांनीं मांधात्याच्या पल्लवांतील रथवर्णनाचे पाठभेदही कळवावे.