पुस्तक पुन्हा मिळते, टिपण मिळत नाही

समजा, एक शिक्षिका एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी वाचन करीत आहेत. विषय आहे, विद्युतप्रवाहाबद्दल आठवीच्या मुलांच्या मनात असलेल्या चुकीच्या कल्पना. दिवसा शाळा आणि रात्री वाचन, असे सात-आठ महिने चालले आहे. सव्वाशे शोधनिबंधांची यादी संगणकावर तयार झाली आहे आणि बहुतेक नोंदींखाली बाईंनी स्वतःच्या शब्दांत टिपणे लिहिली आहेत. ‘हा प्रश्न आपल्या वर्गात विचारून पाहावा.’ ‘येथे फक्त अकरा मुले तपासली, एवढ्यावर निष्कर्ष कसा?’ ‘सेलमध्ये प्रवाह भरून ठेवलेला असतो, असे आपली मुलेही म्हणतात.’ एके रात्री त्यांच्या लक्षात येते की काही निबंध यादीत दोनदा आले आहेत. त्या जास्तीच्या नोंदी निवडतात आणि काढून टाकतात. यादी स्वच्छ दिसू लागते. दीड महिन्याने प्रकरण लिहायला बसल्यावर कळते की टिपणे होती ती नेमकी काढून टाकलेल्या नोंदींखाली.

अशा वेळी आपण सगळेच म्हणतो, ‘चूक बाईंची. नीट पाहून काढायला नको?’ पण ज्या साधनात एवढी साधी चूक एवढी महाग पडते, त्या साधनाची घडणही तपासायला हवी. प्रयोगशाळेत आम्लाची बाटली आणि पाण्याची बाटली सारखीच दिसत असेल, तर आपण केवळ विद्यार्थ्याला रागावून थांबत नाही.

येथे विचार करायचा तो झोटेरो या आज्ञावलीचा. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास व नवमाध्यम केंद्रात ती तयार झाली आणि 2006 साली लोकांपुढे आली. ती मोफत आहे आणि तिची मूळ संहिता कोणालाही वाचता येते. अल्बेनियन भाषेतील ‘आत्मसात करणे’ अशा अर्थाच्या क्रियापदावरून तिचे नाव घेतले आहे. पुस्तके आणि शोधनिबंध यांच्या नोंदी ठेवणे, त्यांना टिपणे जोडणे आणि लेखाच्या शेवटी हव्या त्या पद्धतीची संदर्भसूची करून देणे, ही तिची कामे. ती ही कामे उत्तम करते. ज्यांनी एकेकाळी टंकलिखित प्रबंधाची संदर्भसूची स्वल्पविरामासाठी तीनदा बदलली असेल, त्यांना तिचे मोल सांगायला नको.

माझा आक्षेप वेगळाच आहे. झोटेरोत टिपण दोन प्रकारचे असते. एक स्वतंत्र, दुसरे एखाद्या नोंदीच्या पोटात असलेले. या दुसऱ्याला तेथे ‘चाइल्ड नोट’ म्हणतात, म्हणजे नोंद ही आई आणि टिपण हे मूल. नोंद काढली की तिच्या पोटातले टिपणही जाते. काढताना ‘ही नोंद कचरापेटीत टाकायची ना?’ असा प्रश्न येतो खरा, पण ‘हिच्याखाली तुमची चार टिपणे आहेत, तीही जातील’ असे त्यात म्हटलेले नसते.

आता या दोहोंपैकी मोलाचे काय ते पाहा. नोंदीत लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष आणि पृष्ठे एवढेच असते. ती उद्या नष्ट झाली, तर निबंधाचा डीओआय क्रमांक झोटेरोच्या एका चौकटीत टाकावा, काही क्षणांत सारी नोंद परत येते. जगातील हजारो ग्रंथालयांत तीच माहिती पडून आहे. टिपण मात्र जगात एकाच ठिकाणी आहे. जे सहज परत मिळते ते मालक आणि जे कधीच परत मिळणार नाही ते आश्रित, अशी ही रचना आहे. आज्ञावली ग्रंथपालाच्या नजरेने घडवली आहे, वाचकाच्या नव्हे, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

हे नाते उलटेही असू शकते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात 1948 पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम चालले आहे. प्रा. सु. मं. कत्रे यांनी ते सुरू केले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून वेचलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तेथे कपाटांत लावून ठेवलेल्या आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द आणि तो कोठून घेतला त्याचा निर्देश असतो. तेथे ग्रंथाचे नाव चिठ्ठीच्या अंगावर आहे, चिठ्ठी ग्रंथाच्या पोटात नाही. ग्रंथ फडताळातून हलला म्हणून चिठ्ठी कपाटातून नाहीशी होत नाही. (वाळवी आणि ओल यांचे भय कागदाला असतेच. जुन्या पद्धतीचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही.)

दुसरा घोटाळा ‘सिंक’ या शब्दाचा. घरचा संगणक आणि शाळेतला संगणक यांवरील संग्रह झोटेरो आंतरजालावरून एकसारखे ठेवते. टिपणांसाठी त्याचे पैसेही पडत नाहीत. मग आपल्याला वाटते, चला, एक प्रत वर सुरक्षित आहे. पण सिंक म्हणजे आरसा. आपण कपाळावरचे गंध पुसले की आरशातलेही पुसले जाते. टिपण घरी काढले की ते आंतरजालावरूनही निघते आणि शाळेतला संगणक जोडला जाताच तेथूनही. झोटेरोच्या मार्गदर्शक पानांवर ‘सिंकवर विसंबू नका, वेगळी प्रत ठेवा’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. मात्र मार्गदर्शक पाने माणूस कधी वाचतो, तर टिपण हरवल्यानंतर.

तर मग हरवलेले टिपण शोधायचे कसे? सर्वांत आधी नेटची जोडणी तोडावी, म्हणजे आरसा थांबतो. मग टिपण खरोखर गेले आहे की नुसते दिसेनासे झाले आहे, ते पाहावे. झोटेरोत ‘कलेक्शन’ नावाचे कप्पे असतात. कप्प्यात असताना डिलीट कळ दाबली, तर नोंद फक्त त्या कप्प्यातून निघते, मूळ संग्रहात ती राहतेच. पण मूळ संग्रहाच्या यादीत असताना तीच कळ दाबली, तर नोंद कचरापेटीत जाते. एकाच कळीचे दोन अर्थ! म्हणून ‘माय लायब्ररी’वर जाऊन शोधाची चौकट ‘एव्हरीथिंग’वर ठेवावी आणि टिपणातला आठवणारा एखादा शब्द टाकावा. शोध फक्त शीर्षक, लेखक व वर्ष यांपुरता ठेवलेला असेल, तर टिपणातला मजकूर त्यात येतच नाही आणि माणूस उगीच घाबरतो.

तेथे नसेल तर कचरापेटी पाहावी. नोंद परत घेतली की तिच्या पोटातली टिपणेही परत येतात. पण कचरापेटीत 30 दिवसांहून जुने झालेले सामान झोटेरो आपोआप फेकून देते. ही मुदत सेटिंगमध्ये बदलता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मोफत साधनाने जागेची काळजी करावी हे समजते, पण टिपण म्हणजे काही चित्रफीत नव्हे. हजार टिपणांनाही एखाद्या छायाचित्राएवढी जागा पुरावी. मग एवढी घाई कशासाठी?

पेटीही रिकामी असेल, तर खाली तळघरात उतरावे लागते. सगळी टिपणे zotero.sqlite, म्हणजे ‘झोटेरो डॉट एसक्यूलाइट’, नावाच्या एकाच फाइलमध्ये असतात. तिच्याच शेजारी शेवटी ‘बॅक’ असे शेपूट असलेल्या तिच्या प्रती आज्ञावली वेळोवेळी करून ठेवते. त्या अलीकडच्या असतात. पण आज्ञावलीची नवी आवृत्ती घेताना काही वेळा तयार झालेल्या, नावात क्रमांक असलेल्या प्रतीही तेथे पडून असतात आणि त्या कित्येक महिने जुन्या असू शकतात. झोटेरो बंद करावे, सगळा फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घ्यावा, चालू फाइलचे नाव बदलावे आणि जुन्या प्रतीला तिचे नाव द्यावे. नेट बंदच असू द्यावे. नाहीतर जुन्या प्रतीतली टिपणे दिसताक्षणी आरसा ती पुन्हा पुसून टाकील. टिपणांचा मजकूर दुसऱ्या फाइलमध्ये उतरवून घेतल्याशिवाय नेट जोडू नये.

ही वाट खुली आहे, हे झोटेरोच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मेंडेली ही याच प्रकारची आज्ञावली 2013 साली एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेने घेतली. 2018 मध्ये तिची संगणकावरील फाइल सांकेतिक कुलपात घातली गेली, त्यामुळे दुसऱ्या आज्ञावलींना ती सरळ वाचता येईना. कारण गोपनीयतेचे दिले गेले. पण आपलीच टिपणे आपल्याच संगणकावर असून आपल्याला उघडता येऊ नयेत, ही स्थिती झोटेरोच्या विसराळू कचरापेटीपेक्षा वाईट.

ज्या आज्ञावलीला सव्वाशे नोंदी वर्णानुक्रमे लावता येतात, तिला ‘या नोंदीखाली टिपणे आहेत’ असे सांगणे अवघड नाही. दुहेरी नोंदी एकत्र करण्याची वेगळी सोयही तिच्यात आहे आणि ती वापरली तर दोन्ही नोंदींखालची टिपणे टिकतात. म्हणजे टिपणाची कदर करता येते, हे तिच्या कर्त्यांना माहीत आहे. काढून टाकण्याच्या कळीपर्यंत मात्र ती कदर पोहोचलेली नाही.

आपल्या शिक्षिकेचे काय? तीस दिवस उलटून गेल्याने कचरापेटीचा उपयोग नाही आणि घरच्या संगणकावर क्रमांकाची जुनी प्रत सापडली नाही, असे धरू. एक जागा अजून उरते. शाळेच्या संगणककक्षातील ज्या यंत्रावर त्या पूर्वी काम करीत, ते यंत्र परीक्षेच्या आधीपासून कोणी उघडले नसेल, तर त्यावरचा संग्रह त्या स्वच्छतेच्या रात्रीपूर्वीचा असेल. ते यंत्र सुरू करण्याआधी नेटची तार काढावी, झोटेरो न उघडताच त्याचा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावा आणि मगच पुढचे काय ते पाहावे.