‘कोर्ट’ आणि बंध नावाचा अतिचार

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ चित्रपटगृहात लागला २०१५ च्या एप्रिलमध्ये. मी तो पाहिला बऱ्याच उशिरा, आमच्या मंडळातल्या एका वहिनींच्या सोप्यात, त्यांच्या मुलाच्या लॅपटॉपवर. आम्ही सात-आठ जणी होतो. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला, व्हेनिसला गौरवलेला मराठी चित्रपट म्हणून मीच आग्रह धरला होता. पंधरा मिनिटांत आमच्यातल्या सर्वांत थोरल्या अक्का म्हणाल्या, “हा काय सिनेमा म्हणायचा? बँकेत रांगेत उभारल्यागत वाटायलंय की.”

अक्कांनी हे कंटाळून म्हटलं, पण त्याहून नेमकं परीक्षण मी नंतर कुठं वाचलेलं नाही. हा चित्रपट रांगेत उभं करतो. कॅमेरा जागचा हलत नाही. न्यायाधीश टंकलेखकाला एकेक वाक्य सांगतात, पुढची तारीख पडते, पुढचा खटला पुकारला जातो. आरोपी नारायण कांबळे हा वयस्क लोकशाहीर. गटारात उतरून मेलेल्या एका सफाई कामगाराने म्हणे याचं गाणं ऐकून जीव दिला, म्हणून याच्यावर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा खटला. वीरा साथीदार यांनी कांबळे उभा केला तो जवळजवळ न बोलता. ते स्वतःही चळवळीतले. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाने गेले.

मृत कामगाराच्या बायकोची साक्ष आली तेव्हा मात्र सोप्यात कुणी हललं नाही. नवरा पिऊनच आत उतरायचा, कारण त्याशिवाय तो वास सहन व्हायचा नाही. अंगावर कसलंही संरक्षण नसायचं. एक डोळा त्यातच गेला होता. हे सगळं ती रेशनच्या दुकानात सांगावं तसं सांगते. पुढे वकील तिला पैसे देऊ करतो. ती घेत नाही, काही काम असलं तर सांगा म्हणते.

खलनायक कुठाय, असं एकीनं विचारलं. खलनायक नाहीच. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) ही तर आपल्यातलीच बाई. लोकलमधून घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, नवऱ्याच्या पथ्याची काळजी करते. आणि हीच बाई सहकाऱ्यांशी बोलता बोलता म्हणून जाते की तेच ते चेहरे बघून कंटाळा येतो, वीस वर्षांची शिक्षा देऊन टाकावी आणि मोकळं व्हावं. यात तिच्या मनात द्वेष नाही, फार तर दमणूक आहे. मला ती कांबळेपेक्षा जास्त लक्षात राहिली. संध्याकाळी भाजी निवडताना आपणही टीव्हीवरच्या कुणाला ‘टाका आत’ म्हणतोच की.

तेव्हा मला आपल्या शास्त्रातला एक शब्द आठवला. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते येतात. ‘वध’ म्हणजे इथं जीव घेणं नव्हे, मारझोड. आणि मारझोडीच्याही आधी, पहिल्या क्रमांकावर आहे बंध. एखाद्या जिवाला जिथं जायचंय तिथं जाऊ न देणं, बांधून ठेवणं. लहानपणी हे सगळं बैलांविषयीच आहे असं वाटायचं, कारण पंडितजी उदाहरणं बैलांचीच द्यायचे. पण सूत्रात बैल हा शब्द नाही.

अतिचार आणि अनाचार यांतला फरकही लक्षात घ्या. अनाचारात व्रत उघड मोडतं. अतिचारात ते मोडत नाही, मळतं. करणाऱ्याला वाटत राहतं की मी कुठं कुणाला मारलं? ‘कोर्ट’ हा मला अतिचाराचा चित्रपट वाटतो. त्यात कायदा कुणीच मोडत नाही. सगळं कलमाप्रमाणे, पोटकलमाप्रमाणे चालतं. एकदा तर बिनबाह्यांचा कपडा घालून आलेल्या बाईचं प्रकरण न्यायाधीश त्या दिवशी पुकारूही देत नाहीत, तेही शिस्तीचं काम म्हणून. आणि कांबळे आत असतो.

इथं वहिनींनी अडवलं. त्यांचा भाऊ मुंबईला असतो, रोज लोकलनं जातो. त्या म्हणाल्या, “विरोधी हिंसा आपल्यात गृहस्थाला चालते की. बॉम्ब लावणाऱ्यांना सरकारनं ओवाळायचं काय?”

हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही, आणि तिथंच तो मला कमी पडतो. कांबळे निर्दोष आहे हे पहिल्या गाण्यापासून आपल्याला ठाऊक असतं. पोलिसांचा साक्षीदार नेहमीचा ठरलेला, पुरावा हास्यास्पद. जामिनावर सुटल्यावर कांबळेला पुन्हा पकडतात ते यूएपीए म्हणजे बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याखाली, आणि हा खरा गंभीर भाग चित्रपट घाईनं उरकतो. अशा माणसासाठी न्यायाची रीत मागणं सोपं. जो कदाचित दोषी असेलही, त्याच्यासाठी मागता येईल का, हे अवघड.

वहिनींच्या भावाच्या लोकलचंच घेऊ. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, एकशेऐंशीहून अधिक माणसं गेली. तेरा जणांवर मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा लागला. या कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. एरवीच्या खटल्यात चालत नाही. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने एकाला सोडलं, नऊ वर्षांनी. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप दिली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक तोवर तुरुंगातच करोनाने गेला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत आत जायला सांगितलं नाही. त्यानंतर दहा दिवसही झाले नाहीत तोच, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटातले सातही आरोपी पुराव्याअभावी सुटले. दोन्ही खटल्यांतल्या आरोपींचे धर्म वेगळे. एका निकालाला टाळ्या आणि दुसऱ्याला शिव्या देणारे लोक तुम्हीही आपापल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाहिले असतील. मी पाहिले, आणि सून म्हणाली म्हणून उत्तर द्यायचं टाळलं.

वहिनींना मी एवढंच म्हटलं, की १९ वर्षांनी त्या गाडीत गेलेल्यांच्या आयांच्या हातात काय आलं? उच्च न्यायालयाने म्हटल्याप्रमाणे हे ते नव्हेत, तर ते कोण होते? जबाब कसा घेतला, ओळख परेड कशी झाली, हे तपासणं म्हणजे आरोपीचे लाड असं आपण समजतो. ते त्या आयांसाठीही असतं. विरोधी हिंसा चालते ती अंगावर येणाऱ्याला परतवण्यापुरती. हाच तो अंगावर आलेला, हे कुणीतरी नीट ठरवायला नको का?

वहिनींना हे पटलं असं मी म्हणणार नाही. त्या चहा करायला उठल्या.

कायद्याचं थोडं सांगते, कारण बायका हे वाचत नाहीत असं धरून कुणी आपल्याला सांगत नाही. यूएपीए १९६७ चा. दहशतवादाची कलमं त्यात आली २००४ मध्ये, पोटा रद्द करताना. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, २००८ च्या डिसेंबरात, जामीन अवघड झाला: पोलिसांचे कागद पाहून आरोप सकृत्‌दर्शनी खरा वाटला तर न्यायाधीशाने जामीन द्यायचा नाही. आरोपपत्राला एरवी जास्तीत जास्त ९० दिवस, इथं १८० पर्यंत. ज्या महिन्यात हे झालं तेव्हा देश हादरलेला होता, संसदेला दोष देणं सोपं नाही. पण भीती ओसरते आणि कलम राहतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच नजीब खटल्यात म्हटलं, की खटला लवकर संपायची चिन्हं नसतील आणि माणूस फार काळ आत असेल तर या कलमाच्या आडकाठीनंतरही जामीन देता येतो. तरी प्रत्येकाला मिळतोच असं नाही.

एक नाव घेतल्याशिवाय पुढं जाववत नाही. भीमा कोरेगाव प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी. आरोप खरे की खोटे, ते बाजूला ठेवा; खटला उभाच राहिला नाही. वय ८० च्या पुढं, कंपवाताचा आजार, हातात पेला धरवत नाही. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तळोजा तुरुंगातून त्यांनी न्यायालयाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. उत्तराला तपास यंत्रणेने वेळ मागून घेतला, सुनावणी वीस दिवस पुढं गेली. ५ जुलै २०२१ ला, जामीन अर्ज प्रलंबित असतानाच, ते गेले. अन्नपाननिरोध हा पाचवा अतिचार घोकताना मला कधी वाटलं नव्हतं की तो एका सिपरच्या रूपात समोर येईल.

हे सगळं मुंबईचं, आपल्याला काय, असं खानापुरातल्या बाईनं म्हणू नये. हिंडलग्याचा तुरुंग आपल्यापासून कितीसा लांब? घटना अमलात येऊन महिनाही झाला नव्हता, २६ जानेवारी ते फेब्रुवारी १९५०, तोच प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला. त्याच एप्रिलमध्ये पाकिस्तानचे पंतप्रधान दिल्लीला येणार म्हणून सावरकरांना पकडून याच हिंडलग्यात ठेवलं. गुन्हा केला म्हणून नव्हे, करतील म्हणून. तीन महिन्यांनी सुटका झाली ती राजकारणापासून दूर राहण्याच्या हमीवर. तालुक्यातल्या नंदगडला १८३१ मध्ये संगोळी रायण्णांना फासावर दिलं ते कंपनी सरकारचे बंडखोर म्हणून. आज आपण तिथं हात जोडतो. आणि १ नोव्हेंबर जवळ आला की जमावबंदीचं काय होणार ही चर्चा आपल्याकडे काही नवीन नाही. घरातला पोरगा फेरीला गेला तर आई रात्रीपर्यंत दाराशी असते. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या गोळीबाराच्या आठवणी अजून आहेत.

म्हणून चित्रपटातला नाटकाचा प्रसंग मला इथं बसून वेगळा दिसला. नूतन सहकुटुंब एक मराठी नाटक बघायला जाते. बाहेरून आलेल्या माणसाची त्यात टर उडवतात, प्रेक्षक खो खो हसतात, नूतनही हसते. मुंबईत ती आतली. आपण इथं, आपल्या आजे-पणज्यांच्या गावात, कुणाच्या तरी नजरेत बाहेरचे. ज्या महाराष्ट्रात जायचं म्हणून सीमाभागाची सत्तर वर्षं गेली, त्या महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांनी जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. तिथं गेलो असतो तर तेही लागलं असतं. आमच्या मंडळात हे बोलून दाखवलं तेव्हा दोघी रुसल्या. रुसू देत.

शेवटाकडे कांबळेचा जामीन नाकारून न्यायाधीश उन्हाळ्याच्या सुट्टीवर जातात. हवं तर वरच्या कोर्टात जा म्हणतात. लोक उठून जातात, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. बराच वेळ काळाच राहतो. “लाईट गेली काय गं?” असं अक्कांनी विचारलं. लाईट होती. संपलं समजून दोघींनी चपला शोधल्या. पण चित्रपट पुढं आहे: न्यायाधीशांची सहल, रिसॉर्ट, उशिरा बोलणाऱ्या मुलासाठी बोटात खडा घाला हा त्यांनी दिलेला सल्ला, बाकावरची दुपारची झोप. पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते एकाच्या थोबाडीत देतात आणि परत डोळे मिटतात.

चपला घातलेल्या दोघी दारात उभारून हे पाहत होत्या. एक म्हणाली, “त्या पोरानंच ओरडलं होतं कशावरून?”