एक दोरा काचेचा, एक तागाचा

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने, म्हणून एफआरपीच्या (धाग्यांनी बळकट केलेल्या प्लास्टिकच्या) टाक्या आणि पाइप इथे कोणाला नवे नाहीत. आम्लापुढे लोखंड टिकत नाही. काचेचं कापड रेझिनमध्ये भिजवून थरावर थर चढवायचा, हे इथलं रोजचं. त्याच कापडात ताग विणला तर?

अशा कापडाचा तळहाताएवढा तुकडा बघा. ताण्यात एक दोरा काचेचा, एक तागाचा, बाण्यातही तसंच. (ताग म्हणजे गोणपाटाचा. कोकणात दोरासाठी अंबाडी असते, तीही याच कामाची.) काच गार, गुळगुळीत, एकसारखी. ताग केसाळ, कुठे जाड कुठे बारीक. वाटतं, काच तडकेल आणि ताग लवेल. घडतं उलटंच! ताग दीड-पावणेदोन टक्के ताणला की तुटतो, काच अडीच टक्क्यांच्याही पुढे जाते. ताग आधी हार मानतो, भार काचेवर येतो.

मग ताग हवा कशाला? काचेची घनता घन सेंटिमीटरला 2.5 ग्रॅम, तागाची 1.4च्या आसपास, म्हणजे वजन कमी. शिवाय रेझिनमध्ये घट्ट झालेल्या पत्र्यावर टिचकी मारून ऐका: नुसत्या काचेचा खणखणतो, ताग मिसळलेला दबक्या आवाजात बोलतो. कंप गिळण्याचा हा गुण मला ताकदीहून मोलाचा वाटतो. पोर्शने 2019मध्ये शर्यतीच्या गाडीचे दरवाजे जवस आणि भांगेच्या धाग्यांचे केले, तेव्हा उगाच हौस म्हणून केले नव्हते.

विणीतही रस आहे. साध्या विणीत धागा पावलोपावली वरखाली होतो. ओढ लागली की आधी सरळ होतो, मग भार घेतो. ट्विल विणीत तो दोन-दोन दोरे ओलांडतो, त्यामुळे सरळ राहतो आणि कापड गोलाईवर सुरकुती न पडता बसतं. माझं मत ट्विललाच.

तागाचा मोठा दोष म्हणजे तहान. दमट हवेत ताग वजनाच्या बारा-तेरा टक्के पाणी धरून बसतो, आणि महाडचा पावसाळा तर धो-धो. न सुकवता रेझिनमध्ये बुडवला की बुडबुडे धरतात, थर सुटतात. कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात धुऊन सुकवला तर त्याच्यावरचं मेण निघतं, अंग खरखरीत होतं, रेझिन पकडतं. तरी आम्लाच्या टाकीला मी हे कापड लावणार नाही. दरवाजाला, पॅनेलला खुशाल लावेन. तिथेही बाहेरचे थर निव्वळ काचेचे, हे कापड आत.

शेवटी कापलेली कड बघावी. काचेच्या दोन थरांमध्ये तागाची तपकिरी रेघ उघडी दिसते. तिच्यावर रेझिनचा हात फिरवला नसेल, तर पहिल्याच पावसात ती फुगते.